मोजणीची फी भिंतीवर लिहिली त्याची गोष्ट

ये गो स्नेहल, अशी जवळ बस. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. आणि आधी मला सांग, पेणच्या कोर्टात तू रोज उभी असतेस, तिथून रोह्याला यायला असा कितीसा वेळ लागतो? तरी इथे वरसेला माझ्याकडे यायला तुला चार महिने लागले. फोनवर मात्र रोज दिसतेस. नदीच्या पाण्याच्या केससाठी लोकांकडे पैसे मागतेस. मागायलाच हवेत. मीही पाठवले. नाव लिहू नको म्हटलं होतं, तरी लिहिलंस.

परवा तू पाणी तपासल्याचं बिल टाकलंस. लॅबचं नाव, तारीख, रक्कम, सगळं. खाली लोकांनी लाइकचे अंगठे दाखवले. मी नाही दाखवला. मी नुसती बघत बसले. बिल आहे, तर रिपोर्ट कुठे आहे? सातवी शिकलेल्या म्हातारीला जे सुचलं, ते समोरच्या वकिलाला सुचणार नाही का गो?

तोंड पाडू नको. हीच चूक मी केलेली आहे. तुझ्या घरी ही गोष्ट सांगत नसतील. सांगत असतील तर वेगळी सांगत असतील. तुझा आजोबा, माझा सख्खा भाऊ जनादादा, या गोष्टीत आहे. म्हणून तुला ती माझ्याकडूनही कळायला हवी.

तेव्हा मी पेणला एका वकीलसाहेबांकडे कारकून होते. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. टायपिंग शिकले आणि रामवाडीत एक खोली घेऊन राहिले. वकिलाचा कारकून म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. साहेब कोर्टात तासभर बोलतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं कारकून करतो. तारखा लिहून ठेवणं, स्टॅम्प लावणं, नकला काढणं, दावा टाइप करणं, पक्षकाराला चहा पाजणं आणि साहेब आत्ताच बाहेर गेलेत असं सांगणं. कायद्याचे शब्द मी टाइप करून करून शिकले. बाई कारकून तेव्हा वकिलांच्या आख्ख्या बाररूममध्ये मी एकटीच. डबा खायला बसायचं कुठे, इथपासून प्रश्न होता.

आपलं गाव धरमतरच्या खाडीकाठचं. खाडी आणि भातशेती यांच्या मधे मातीचा मोठा बांध, त्याला आपण बाहेरकाठा म्हणतो. तो आहे तोवर आत भात. तो फुटला की आत खारं पाणी, आणि मग तीन-चार वर्षं त्या जमिनीत काही पिकत नाही. बांध फुटून पडलेल्या वाटेला खांड म्हणतात. धरमतरला मालाच्या बार्ज यायला लागल्या तशा त्या काठाला घासून जायच्या. त्यांच्या लाटा काठ खायच्या. एका उधाणाला खांड पडली आणि आपल्या गावाची निम्मी शेती खाऱ्या पाण्याखाली.

कंपनीवर दावा लावायचं ठरलं. पाच जणांच्या नावाने. पहिलं नाव जनादादाचं. पैसे मात्र सगळ्यांनी घालायचे. देवळात बैठक बसली. मी पेणहून गेले होते, साहेबांच्या वतीने खर्च समजावून सांगायला.

बैठकीत कोणी बोलेना. मागे एका पुढाऱ्याने मुंबईच्या कोर्टात जायचं म्हणून घरटी पैसे नेले होते. कोणी विचारलं की म्हणायचा, "चालू हाय." चालू होतं ते नक्की काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग यमुनामावशी उठली. मिठागरात काम करायची. तिची गुंठाभरही जमीन नव्हती. पण मिठागराला आडोसा त्याच काठाचा.

"पैसं मी देतंय," ती म्हणाली. "पन हिशोब कागदावर नको. कागद तुमच्या पेटीत जातो. भिंतीवर लिवा. भिंत कोन खिशात घालून नेनार?"

सगळे हसले आणि मान्य झालं. लिहिणार कोण? जनादादा म्हणाला, "आमची मालू लिवेल. टाइपिंग येतं तिला." टाइपिंगचा आणि भिंतीचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक. पण त्याचा चेहरा असा फुलला होता, की मला नाही म्हणता आलं नाही.

देवळाची बाहेरची भिंत चुन्याने रंगवली. दर महिन्याला एका रविवारी मी एसटीने जायची आणि गेरूने लिहायची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मुंबईला डॉकात कामाला असलेल्या पोरांच्या मनीऑर्डरी आल्या, त्या लिहिल्या. कोणी भाताच्या गोणी दिल्या, त्या विकून आलेले पैसे लिहिले. यमुनामावशीचे अकरा रुपये लिहिले. लिहून झालं की बायका म्हणायच्या, "वाच गो." मी मोठ्याने वाचायची. यमुनामावशीला अक्षर येत नव्हतं, पण आकडे पाठ. एकदा माझ्याकडून दीड रुपया चुकला तर तिने तो पकडला. मला त्या भिंतीचा गर्व झाला होता, हे कबूल करते.

खांड कशी पडली ते तपासायला साहेबांनी पुढे एक खासगी मोजणी करून घ्यायची ठरवली. निवृत्त झालेले मोजणीदार, छत्री आणि साखळी घेऊन दोन दिवस काठावर फिरले. त्यांची फी मी त्याच महिन्यात भिंतीवर लिहिली. "खासगी मोजणी, मोजणीदाराची फी." रिपोर्ट अजून यायचा होता. साहेबांना मी विचारलं नाही. यात विचारण्यासारखं काय, असं मला वाटलं. लोकांचे पैसे, लोकांची भिंत.

रिपोर्ट आला हाताने लिहिलेला. टाइपला माझ्याकडेच. तिसऱ्या पानावर माझी बोटं थांबली.

लिहिलं होतं, की बार्जच्या लाटांनी खांड रुंदावली, यात शंका नाही. पण खांडीची सुरुवात जिथे झाली, तिथे काठाखालून एक सिमेंटचा पाईप गेलेला होता. पाईपाभोवतीची माती आधीच पोकळ झाली होती. पाईप एका कोळंबीच्या तळ्यात जात होता. तळं कोणाचं, ते पूर्ण नावानिशी होतं. माझ्या बापाचं नाव मधे असलेलं नाव.

आता तू म्हणशील, एवढं कसं कोणाला दिसलं नाही? अगो, आपल्याकडे काठाखालून पाईप घालून खाडीचं पाणी तळ्यात घेणं, हे कोणाला वावगं वाटतच नसे. चार-पाच जणांचे पाईप होते. तळं उपसलं की शेजारी कोळंबी वाटायची रीत होती. ज्याच्या घरी कोळंबी आली, तो पाईपाबद्दल बोलेल कसा?

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "हा आपण दाखल करायचा नाही," म्हणाले. "फाइलला लावू नका. आणि मालतीबाई, कारकुनाने टाइप केलेलं कारकुनाजवळच राहतं. भावालासुद्धा नाही."

"व्हय साहेब."

त्या दिवाळीत मी माहेरी गेले. वहिनीने कोळंबीचं कालवण केलं होतं. गावाने मिळून खांड बुजवली होती, आणि दादाने तळं पुन्हा उभं केलं होतं. जेवून मी काठावर फिरायला गेले. पाईप मात्र त्याने पुन्हा घातला नव्हता. होता तिथे माती नीट चोपलेली होती. बाकीच्यांचे पाईप तसेच होते.

तिथे उभी असताना मला कळलं, की दादालाही ठाऊक आहे.

संध्याकाळी त्याने विचारलं, "मोजणीत काय निघालं गो, मालू?"

"ते साहेबांना माहीत."

"तू टाइप केलंस ना?"

"मी अक्षरं बडवते दादा, वाचत नाय."

तो हसला. मीही हसले. आम्ही दोघं एका आईच्या पोटची, एका ताटात जेवलेली, आणि त्या ओट्यावर एकमेकांपासून तोंड चुकवून बसलो होतो. साहेबांजवळ बोलायची सोय नव्हती, दादाजवळ नव्हती, रामवाडीच्या खोलीत तर बोलायला भांडीच होती. वर्षभर मी ते तिसरं पान एकटीने वागवलं.

मग दादाची साक्ष आली. तो इस्त्रीचा सदरा घालून पिंजऱ्यात उभा. कंपनीच्या वकिलांनी गोड आवाजात सुरुवात केली आणि एक फोटो पुढे केला.

"ही भिंत कुठली?"

"आमच्या देवलाची."

"त्यावरचं अक्षर कोणाचं?"

"माज्या बहिनीचं. ती काय, तिथं बसलीय. शिकलेली हाय." कोर्टात हशा झाला. दादाने माझ्याकडे बघून मान हलवली.

"हिशोब खरा आहे?"

"खरा म्हंजे? दीड रुपया चुकला तरी आमच्याकडं बाया धरतात."

"छान. यात लिहिलंय, खासगी मोजणीची फी. म्हणजे मोजणी झाली. मग रिपोर्ट कोर्टात का नाही?"

दादा म्हणाला, "वकीलसायेबांकडं असंल. आमी काय लपवत नाय."

मला वाटलं, बाक फाटावा आणि मी आत जावं. तुला माहीतच आहे, तरी सांगते. तुमच्या हातात एखादा कागद आहे आणि तुम्ही तो दाखवत नाही, तर तो तुमच्या विरुद्ध असणार, असं कोर्ट धरून चालू शकतं. जज्जसाहेबांनी पुढच्या तारखेला रिपोर्ट हजर करा, नाहीतर का करत नाही ते सांगा, असं लिहून घेतलं. आणि हे सगळं माझ्या गेरूच्या एका ओळीतून.

ऑफिसात साहेबांनी दार लावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"कामकाज खर्च, एवढं लिहिता आलं नसतं का?"

"मला कळलं नाही साहेब."

मग म्हणाले, "मोजणीदार आजारी पडले, रिपोर्ट दिलाच नाही, असं मी सांगतो. फी परत आली असं तुम्ही भिंतीवर लिहा. ती रक्कम मी माझ्या खिशातून भरतो. म्हणजे हिशोबही जुळेल. गावाचं भलं होणार असेल, तर एवढं करायला काय हरकत आहे?"

साहेब वाईट माणूस नव्हते, हे तू लक्षात ठेव. त्यांनी खरंच पैसे काढून टेबलावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी ते पैसे पिशवीत घालून गावी गेले. दादाला साहेबांचा निरोप आधीच पोचला होता. तो देवळापाशी चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन उभा. भर दुपार. तो म्हणाला, "तेवढी वळ पूस, वर नवी लिव. कोन विचारतंय?"

"दादा, तुझा पाईप."

"सगल्यांचंच व्हतं." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "माजाच निघाला. माजं नाव गावात काय ऱ्हाईल, मालू?"

मी ब्रश हातात घेतला. खरंच घेतला. ओळीवर एक हातही फिरवला. तेवढ्यात मिठागरातून बायका परतताना दिसल्या. यमुनामावशी पुढे.

"काय पुसतंस गो?"

दादाच बोलला. "मोजनीचं पैसं परत आलं. मोजनी झालीच नाय."

"परत आलं? मंग माझं अकरा आन हिकडं." बायका हसल्या. मावशीही हसली. मग हसता हसता थांबली आणि दादाला बाजूला सारून माझ्यासमोर आली. "तू वाच. लिवतंस तू, तर वाचायचं पन तूच."

स्नेहल, मी खोटं लिहू शकले असते. हात तयार होता. पण ज्या बाईला अक्षर येत नाही, तिच्या तोंडावर ते खोटं वाचायचं, हे मला जमेना. तिच्याकडे पडताळून बघायला दुसरं काही नव्हतं. माझा आवाज, एवढंच.

"मोजणी झाली मावशी," मी म्हटलं. "पैसे परत आलेले नाहीत."

"मंग काय निघालं तिच्यात?"

"ते सांगता येत नाही. कोर्टाचं काम आहे."

"बरं," मावशी म्हणाली. "माझं अकरा रुपयं त्या मोजनीत गेलं ना? मंग अकरा रुपयांची तरी सांग."

कोणी हसलं नाही. दादा मला म्हणाला, "मालू." एवढंच. लहानपणी रस्ता ओलांडताना हाक मारायचा तशी.

मी सांगितलं. पाईप, पोकळ माती, तळं. नाव घ्यायची गरज पडली नाही. दादाने बादली खाली ठेवली आणि तो घरी गेला. चुना बादलीतच वाळला.

साहेबांचे पैसे मी टेबलावर परत ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही माझ्या अशिलाची गोष्ट बाहेर फोडलीत."

"पैसे त्यांनीच दिले होते साहेब."

"पैसे देणारा वेगळा, अशील वेगळा. अशील तुमचा भाऊ होता. यमुनाबाई नव्हती."

कायद्याने साहेब बरोबर होते. हे मी तुला मुद्दाम सांगते, कारण तुझ्या फोनवर पैसे देणारे शेकडो आहेत आणि अशील मूठभर. देणाऱ्याला वाटतं की केस आपली. वकिलाला ठाऊक असतं की ती त्याची नाही. या दोघांच्या मधे जो हिशोब लिहितो, तो एकटा पडतो. त्याला ना इकडचे आपला म्हणत, ना तिकडचे.

गाव बोलायला लागलं तसा रिपोर्ट लपवण्यात अर्थ उरला नाही. साहेबांनी तो दाखल केला. निकाल लागला. दोष दोघांचा, कंपनीचाही आणि पाईपाचाही. कंपनीने काठ पक्का करून द्यावा आणि भरपाई द्यावी, पण मागितली त्याच्या निम्म्याहून कमी. खोटं बोललो असतो तर पूर्ण मिळाली असती का? मला आजही माहीत नाही. कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नको.

गावाने दादाला तोंडावर काही म्हटलं नाही. पण काठाच्या कामाला घरटी एक माणूस बोलावताना हाक मारणारा त्याच्या दारावरून पुढे जायचा. दादा फावडं घेऊन ओट्यावर उभा असायचा म्हणे. हे मला यमुनामावशीने सांगितलं. ती पेणच्या बाजाराला आली की माझ्या खोलीवर पाणी प्यायला थांबायची, गावातली ती एकटीच. तीही पुढे वारली.

पुढच्या भाऊबीजेला मी गेले. वहिनीने ओट्यावर पाणी दिलं. "शेतावर गेलेत," म्हणाली. दादाच्या चपला दारातच होत्या. मी ओवाळणीचं तबक पिशवीतून काढलंच नाही. पाणी प्यायले, भांडं पालथं घातलं आणि एसटीला जाऊन उभी राहिले. नंतर गेले नाही. तुझा आजोबा गेला, ते मला तिसऱ्या दिवशी कोर्टातल्या शिपायाकडून कळलं.

साहेबांनी मला काढलं नाही. पगारही थांबवला नाही. फक्त टाइपिंग दुसऱ्याकडे दिलं. मी रिटायर होईपर्यंत तारखा लिहिल्या आणि स्टॅम्प चिकटवले. मी खोलीत आले की साहेब हातातला कागद उलटा ठेवायचे. मी बोलले नाही कधी. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

भिंतीवर पुढे एक मास्तर लिहायला लागले. त्यांनी सगळा खर्च एका ओळीत आणला, "किरकोळ व इतर." कोणी तक्रार केली नाही.

तुला शिकवण म्हणून मोठं काही सांगत नाही. एवढंच, की पैसे घ्यायच्या आधी लिही, काय लगेच दाखवशील, काय केस संपल्यावर दाखवशील आणि काय फक्त अशिलाचं असेल. आधी सांगितलेलं झाकण लोक समजून घेतात, नंतर घातलेलं नाही. बिल टाकलंस तर रिपोर्टबद्दल कोणीतरी विचारणार, हे धरून चाल. रिपोर्ट नकोसा निघाला तर काय करायचं, हे तो उघडायच्या आधी तुझ्या अशिलांना विचारून ठेव. आणि हिशोब लिहायला असं माणूस घे, ज्याचा भाऊ त्या केसमध्ये नाही.

ते लॅबचं बिल फोनवरून काढू नको हां आता. काढलंस तर आणखी नजरेत येईल. उद्या अशिलांशी बोल.

ऊठ, उशीर होईल तुला. हा डबा ने. पुढच्या रविवारी ये, जमलं तर त्याच्या आधी ये. आणि येताना वहिनीला, तुझ्या आजीला, विचार, येतेस का म्हणून. तिचे गुडघे दुखतात असं ऐकलंय, पण इथे लिफ्ट आहे, दारापर्यंत रिक्षा येते, सांग तिला. मी काही बोलणार नाही, विचारणार नाही, नुसतं जेवू. नाय म्हणाली तर आग्रह करू नको. मग तू एकटी ये, पण ये गो लवकर.